नदीपलीकडची सून

रविवारी सकाळी बिश्केकची मिनीबस फाटकाशी थांबणार होती आणि दोनातला एक कॅमेरा तिच्यातून परत जायचा होता. कुठला, ते शुक्रवार दुपारपर्यंत ठरलं नव्हतं. तुर्दुबेक आणि बुरुल सकाळपासून दोन्ही कॅमेरे चहाच्या टेबलावर मांडून भांडत होते.

कॅमेरे त्यांच्या मुलीने, चोलपोनने पाठवले होते. ती शहरात कॅमेऱ्याच्या दुकानात कामाला. "दोन्ही वापरून बघा, एक ठेवा, एक परत," ती फोनवर म्हणाली होती. "आणि ओरखडा काढलात तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा."

त्यातला एक मिररलेस. लहानखुरा, चपटा, पण फोटो असा की नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या गालिच्यातला टाका न् टाका मोजून घ्यावा. बुरुल गालिचे शिवून फोनवर विकायची आणि फोनच्या फोटोत तिचा डाळिंबी रंग कलेजीसारखा दिसायचा. दुसरा सुपरझूम, साठपट लांबचं जवळ आणणारा. बटण दाबलं की नाक बाहेर काढायचा, म्हणून घरात त्याचं नाव लांबनाक्या पडलं. तुर्दुबेकची करडी घोडी रोज डोंगरावर भटकायची, आणि डावा गुडघा कामातून गेलेल्या माणसाला तिला हुडकायला अर्धा दिवस जायचा. आता तो उंबऱ्यावर बसून घोडी शोधत होता.

"बघ, बघ! पार खिंडीपाशी आहे. कानावर माशी बसलीय, तीसुद्धा दिसतेय!"

"माशीचं काय लोणचं घालायचंय?"

"आणि तुझ्या चपट्याने काय दिसतं? समोरची भिंत!"

"पण नीट दिसते. पोपडे निघालेत भिंतीचे. तुम्हाला चाळीस वर्षांत कधी दिसले नाहीत ते."

तुर्दुबेकने टोपी घातली आणि तो सीदीक आजोबांकडे निघून गेला. वादात हरला की तो नेहमी तिकडेच जायचा.

बुरुल घरात एकटी उरली. तिने टेबल पुसलं. लांबनाक्या उचलून त्याखालीही पुसलं. मग तिला वाटलं, माणसाने न्यायाने वागावं. वापरून न बघता नाव कसं ठेवायचं? आणि वापरायचा तर कुठेतरी रोखावा लागणारच. तिने तो नदीपलीकडे रोखला.

नदीपलीकडे साल्कीनचं घर होतं, आणि तीन आठवडे बुरुलने त्या दिशेला मान वळवली नव्हती. साल्कीनच्या मुलाच्या लग्नात मेंढीच्या मटणाची ताटं आली. वयाने मोठ्या बाईला माकडहाड द्यायचं, ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. बुरुलच्या ताटात आली बरगडी. माकडहाड गेलं तिच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या बाईकडे. बुरुल तडक उठली. तिच्यामागे तुर्दुबेकलाही उठावं लागलं, तोंडातला घास तसाच ठेवून. सून अजून पडद्याआडच बसलेली होती. नव्या सुनेचं तोंड पहिल्यांदा बघणाऱ्याने तिला काहीतरी भेट द्यायची, त्याला म्हणायचं कोरुंदुक. बुरुलने घरून आणलेलं कोरुंदुक घरी परत नेलं आणि शपथ घेतली, की साल्कीन स्वतः माझा उंबरा ओलांडून येत नाही तोवर मी तिच्या सुनेचं तोंड बघणार नाही. साल्कीननेही उलट निरोप धाडला होता, "नका बघू. सुनेचं काही अडलेलं नाही."

पण शपथ घेणं वेगळं आणि तीन आठवडे गावातल्या बायकांच्या तोंडून सुनेचं वर्णन ऐकणं वेगळं. बुरुलला रात्री झोप लागत नव्हती. शहरातली पोर. कशी असेल? गोरी? उंच? तिने बटण दाबलं. लांबनाक्याने नाक बाहेर काढलं, पाणी सरलं, कुंपण सरलं आणि साल्कीनचं अख्खं अंगण तिच्या डोळ्यात येऊन बसलं.

अंगणात निळा ट्रॅकसूट घातलेलं कुणीतरी पाठमोरं उभं होतं. साल्कीनचा धाकटा मुलगा असणार. आणि त्याच्यासमोर नव्या सुनेचा पांढराशुभ्र रुमाल डोक्यावर घेऊन, हात छातीशी बांधून, सून वाकत होती. एकदा, दोनदा, तीनदा. बुरुलने घाईघाईने हाताला लागली ती सगळी बटणं दाबली. मग अंगणात पावलं वाजली आणि कॅमेरा होता तिथे ठेवून ती पीठ मळायला बसली. घरात मळायला पीठ नव्हतं, पण परात होती.

तुर्दुबेक सीदीक आजोबांना घेऊनच आला होता. सीदीक आजोबा गावातले सर्वांत वडीलधारे, पांढरी दाढी पोटापर्यंत, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. रीतभात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लग्नाच्या वेळी ते दातांची कवळी बसवायला ओश शहरात गेले होते.

"बसा आजोबा, घोडी दाखवतो," म्हणत तुर्दुबेकने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर घोडी आली नाही. पांढरा रुमाल आला, एक उजळ चेहरा आला आणि कॅमेऱ्यातून बुरुलचा आवाज खणखणीत घुमला.

"अगंबाई! काय रूप आहे! चंद्रच की गं! आणि वाकते कशी बघा, आजकालच्या पोरींना जमेल का असं? त्या मेल्या साल्कीनच्या नशिबात असली सून? देवाला डोळे आहेत का!"

परात बुरुलच्या हातून निसटून गोल गोल फिरत राहिली.

"तू बघितलंस?" तुर्दुबेकने हळूच विचारलं.

"मी? छे! तो आपला आपणच चालू झाला असेल."

"आणि आपला आपणच तुझ्या आवाजात बोलला?"

सीदीक आजोबांनी हात वर केला. "थांबा. मोठा पेच आहे. ही साल्कीनची सून. आत्ता मीही तिला पाहिलं, तूही पाहिलंस. रिकाम्या हाताने! तिघांनाही कोरुंदुक द्यायला जावं लागेल."

"काचेतून बघितलं, ते काय बघणं झालं?" बुरुल उसळली.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, मी तुलाही वीस वर्षं काचेतूनच बघतोय. मग काय, तुला बघितलंच नाही म्हणू?"

बुरुल गडबडली. साल्कीनच्या दारात जायचं? शपथ मोडून, आपण होऊन, हातात भेट घेऊन? गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. तेवढ्यात तिला वाट सापडली. "अहो आजोबा, या डबड्यात धड दिसतंय तरी का? सगळं गिच्च! उन्हाच्या वाफेने चेहरा लापशी झालाय. हे बघणं नव्हेच."

आता मात्र तुर्दुबेकच्या जिवाला लागलं. हे खरं ठरलं तर लांबनाक्या रविवारी परत जाणार. "लापशी? पापणी न् पापणी दिसतेय! स्वच्छ दिसतंय, आजोबा. हिने बघितलं म्हणजे अगदी सोळा आणे बघितलं!"

"तुम्ही माझे नवरे की त्या डबड्याचे?"

"मी खऱ्याचा!"

आजोबांनी दाढी कुरवाळली. बराच वेळ कुरवाळली. मग निवाडा दिला. तुर्दुबेकने चपटा घेऊन पलीकडे जावं, सुनेचा समोरासमोर फोटो काढावा. दोन्ही चेहरे जुळले तर लांबनाक्याला खरंच दिसतं, आणि बुरुलने कोरुंदुक घेऊन जावं. नाही जुळले तर तिने काही बघितलंच नाही.

"रिकाम्या हाताने जाऊ नका," बुरुलच्या तोंडून सवयीने गेलं. तिने पेटी उघडून तोच परत आणलेला रेशमी रुमाल नवऱ्याच्या हातात कोंबला. "माझ्याकडून नाही हं. तुमच्याकडून."

तुर्दुबेक दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून लंगडत झुलत्या पुलावरून पलीकडे गेला. बुरुलने आजोबांना चहा दिला. साखरेऐवजी मीठ पडलं होतं. आजोबांनी गुमान प्यायला. अर्ध्या तासाने पुलाच्या फळ्या वाजल्या, आणि तुर्दुबेकच्या पुढे, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून, साल्कीन धावत येताना दिसली.

ती उंबऱ्याशी थांबली नाही. सरळ आत आली.

"बुरुलताई, चंद्र म्हणालात?"

तुर्दुबेकने मान खाली घालून चपट्यातला फोटो आजोबांपुढे धरला. निळा ट्रॅकसूट, गोल चष्मा, गालावर मुरुम, हसरी पोर.

"ही सून," तो म्हणाला.

"मग ती पांढऱ्या रुमालातली?" आजोबांनी विचारलं.

"मी!" साल्कीन छातीवर हात मारून म्हणाली. "पोरीला वाकायला येत नाही हो, शहरातली ती. तिचाच रुमाल डोक्यावर घेऊन शिकवत होते. यांनी मला दाखवलं न् मी म्हटलं, ही कोण गं? मला मीच ओळखू आले नाही! पासष्ट वर्षांची मी, आणि तुम्ही म्हणालात चंद्र. बुरुलताई, पुन्हा एकदा म्हणा ना. नवऱ्यानेसुद्धा कधी म्हटलं नव्हतं."

बुरुलला हसू आलं, रडूही आलं. "म्हटलं, म्हटलं! मेली साल्कीन असंही म्हटलं, ते ऐकलंस ना?"

"ते तर तीन आठवडे ऐकतेय. त्या दिवशी ताटं बदलली हो, पोरांनी घोळ घातला. माझ्या लक्षात आलं तोवर तुम्ही पुलावर. मग मलाही हट्ट चढला. आत्ता चला, मेंढी कापते. हाड तुमचं."

"एक मिनिट," सीदीक आजोबा म्हणाले. "सून बघितलीच नाही, तेव्हा बुरुलला कोरुंदुक माफ."

"वा, माफ कसं?" साल्कीनने हात पुढे केला. "चंद्र बघितला ना फुकटात?"

बुरुलने आपल्या खांद्यावरची लोकरीची शाल काढली आणि साल्कीनच्या खांद्यावर घातली. मग दोघी बाया एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की आजोबांनी स्वतःच उठून दुसरा चहा करून घेतला.

रविवारी मिनीबसमधून मिररलेस परत गेला. "आई, पण तुला गालिच्यांसाठी तोच हवा होता ना?" चोलपोनने फोनवर विचारलं. "गालिचे गेले खड्ड्यात," बुरुल म्हणाली. "त्या चपट्यात माणूस आहे तसाच दिसतो. असला कॅमेरा विकत घेतं तरी कोण?"

तुर्दुबेकला वाटलं, आपण जिंकलो. दुपारपर्यंत वाटत होतं. दुपारी बुरुल आणि साल्कीन पांढरे रुमाल डोक्यावर घेऊन बुरुलच्या अंगणात बसल्या, आणि तो कॅमेरा घेऊन नदीपलीकडे उभा राहिला. फोटो काढायचा, पूल ओलांडून दाखवायला यायचं, त्या दोघी डोळे बारीक करून बघायच्या आणि माना हलवायच्या. चार खेपा झाल्या. गुडघा टरारून सुजला. पाचव्यांदा तो साल्कीनच्या घराच्याही वर, टेकडीच्या निम्म्यावर चढून बसला आणि त्याने फोन लावला.

"आता तरी झालं का गं?"

"कुठलं झालं! मघाच्या फोटोत मी चांगली पंचावन्न वर्षांची दिसतेय," पलीकडून बुरुल म्हणाली. "आणखी वर जा."