इंटरव्हलपुरता सिनेमा

आमच्या हैदराबादच्या नल्लकुंट्यातले दिगूकाका नळदुर्गकर पूर्ण तिकीट काढून सिनेमाला जातात आणि फक्त इंटरव्हल बघतात. पहिला अर्धा भाग ते झोपतात. दिवे लागले की टुणकन उठतात, बाहेर जाऊन लोकांत उभे राहतात आणि घंटा झाली की थेट घरी. हे कळलं तेव्हा मी हादरलोच. ज्या देशात लोकांना दोन वेळचं जेवण मिळत नाही तिथे ही उधळपट्टी, असं भाषणच मी त्यांना ठोकलं. काका म्हणाले, "झालं? चहा घे. आता तुझा इंटरव्हल."

काका क्रेन बसवणारे फिटर. कंपनीने जन्मभर देशोदेशी फिरवलं. त्यात लग्न राहून गेलं. कुठल्याही शहराचं नाव काढा, काका तिथल्या थिएटरवरून त्याला मार्क देतात.

"वॉर्सा? फेल! लोक ओव्हरकोट घालून आले, गप बसले, ओव्हरकोट घालून गेले. अरे, आपल्याकडे मयतीलासुद्धा याहून जास्त बोलतात!"

"आणि सिंगापूर?"

"स्वच्छ. दवाखानाही स्वच्छ असतो. इंटरव्हल नाही तर ते थिएटर कसलं रे?"

कैरो मात्र पहिल्या नंबराने पास. का, ते सांगत नसत. "तिथे इंटरव्हल होता," एवढंच.

परवा नव्या मल्टिप्लेक्समध्ये एका उडणाऱ्या नायकाच्या इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग लागला. असल्या सिनेमांविरुद्ध मी कोठीच्या चौकात पत्रकं वाटली आहेत. एक गोरा उडत येऊन जग वाचवणार आणि आपण टाळ्या पिटणार! पण काका म्हणाले, "चल रे क्रांतिकारक, दुश्मन तरी बघून घे." गेलो. आत शिरतानाच पहिला धक्का बसला. मक्याच्या लाह्यांच्या एका डब्याला जो भाव लावला होता, त्यात अंबरपेठेत दोघं पोटभर जेवले असते. लोक हसत हसत घेत होते!

काका बसताक्षणी झोपले. पडद्यावर अख्खं शहर कोसळलं, नायकाने एक पूल उचलला, तरी यांचं घोरणं चालूच.

दिवे लागले. काकांनी उठून भांग सारखा केला आणि बाहेर जाऊन पहिल्याच पोराला गाठलं. "क्या मियाँ, क्या बोलते? बचता क्या हीरो?"

पोराने फोनवरून नजरही उचलली नाही. दुसऱ्याने, "अंकल, एक मिनट," म्हणत पाठ फिरवली, ती फिरवलीच. एका बाईने पर्स छातीशी घट्ट धरली. आता मात्र मी खरोखर हादरलो. एवढी माणसं खेटून उभी होती आणि शेजारच्याशी कोणीच बोलत नव्हतं. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल.

घंटासुद्धा झाली नाही. आत नुसता अंधार झाला आणि लोक पांगले. काका घरी निघाले नाहीत. रिकाम्या गालिच्यावर उभे राहिले.

"वॉर्सा," ते म्हणाले. "हैदराबादचं वॉर्सा झालं रे."

"चला काका, घरी जाऊ."

"थांब की." ते भिंतीला टेकले. "कैरोत असताना आई गेल्याची तार आली. सुट्टी मिळेना. खोलीत बसवेना, म्हणून सिनेमात जाऊन बसलो. इंटरव्हलला एक माणूस शेजारी उभा. हातातला तिळाचा पाव मोडून अर्धा मला दिला, काहीतरी विचारलं. मी मराठीत सांगत सुटलो. आईचं सगळं. त्याला ओ की ठो कळलं नाही, पण ऐकत होता. घंटा झाली तरी हलला नाही. पुढचा सिनेमा त्याने बघितलाच नाही रे, माझ्यासाठी."

माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला घोषणा असते. ती बाजूला ठेवून मी काकांशेजारी भिंतीला टेकलो. थिएटरच्या आतून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला.

"काका," मी विचारलं, "काय वाटतं? वाचतो का हीरो?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी झोपलो होतो. तू सांग, काय काय झालं?"

मग मी, पत्रकं वाटणारा मी, त्या उडणाऱ्या गोऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागलो. पुलापर्यंत आलो.

"एकट्याने उचलला?" काका जवळ सरकले. "फेकू नक्को!"