मंडळी घरात आहेत

यमुनाबाई पोरींच्या डोक्याला कान लावून उवा ऐकत. बघत नसत, ऐकत. सकाळची प्रार्थना संपली की त्या रांगेच्या मागून पावलाचा आवाज न करता यायच्या, एकेकीच्या डोक्यावर कान टेकवायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "मंडळी घरात आहेत." मग पुढची पोरगी. तेवढा वेळ सगळी रांग इतकी गप्प असे की झेंड्याची दोरी खांबावर आपटलेली ऐकू यायची.

मी त्या शाळेत नवी होते. गाव शिंगणापूरला लागूनच. घरांना चौकटी, पण दारं नाहीत. फार तर गोणपाटाचा पडदा. चोराची भीती नाही हे खरं, पण आपल्या खोलीत कोण कधी येऊन उभं राहील याचा नेम नसे. पहिल्याच रविवारी दुपारी जरा डोळा लागला, तर कानाशी कुणाचा तरी श्वास. बघते तर शेजारच्या खोलीतल्या यमुनाबाई माझ्या वेणीवर ओणवलेल्या.

"तुमच्याकडे थोडीच आहेत," त्या म्हणाल्या. "पण आहेत. शनिवारी या." आणि पडदा सारून निघून गेल्या. एकाच शाळेत शिकवणाऱ्या दोन बायकांची ओळख अशी झाली.

उंच, काटकुळ्या, अंगावर कायम धुवट पातळ, कमरेला खोचलेली लाकडी फणी. पायात वहाण घालायच्या नाहीत, त्यामुळे त्या आल्याचं कधी कळतच नसे. 'ऊ' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. "त्यांना कळतं," असं त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या की मीसुद्धा आवाज खाली आणत असे. उवा म्हणजे मंडळी, लिखा म्हणजे लहान मंडळी. आमच्या हेडमास्तरांना पूर्ण टक्कल होतं, तरी बाई समोरून आल्या की ते टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरायचे.

साल दुष्काळाचं होतं. प्यायचं पाणी टँकरने यायचं, तिथे पोरींची डोकी कोण धुणार? त्यामुळे मंडळींचे दिवस चांगले चालले होते. पाटलीणबाई एकदा ठसक्यात म्हणाल्या, "आमच्या घरात असलं कायबी न्हाई." बाईंनी त्यांच्या लेकीच्या डोक्याला कान लावला आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडे तर लग्नघर आहे." पाटलीणबाईंनी त्याच शनिवारी लेक पाठवली.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर पोरी ओसरीत भिंतीला टेकून बसायच्या. बाई सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून केसांच्या मुळाशी चोळायच्या. ती डोळ्यात गेली तर डोळा जायचा, म्हणून आधी प्रत्येकीच्या डोळ्यांवर पांढरी पट्टी, नंतर डोक्याला पांढरं फडकं. आणि वर हुकूम, की बोलायचं नाही. मंडळींना झोपू द्यायचं. त्या भर उन्हात ओसरीभर डोळे बांधलेल्या, तोंडं मिटलेल्या पोरी आणि त्यांच्या पुढून अनवाणी फिरणाऱ्या बाई. मला सगळं ठाऊक असूनही अंगावर काटा यायचा. शनीला निघालेला एक माणूस पाणी मागायला आत आला, त्याने तो देखावा पाहिला आणि आपला तांब्या तिथेच टाकून पळाला. तांब्या पुढे शाळेनेच वापरला.

मग तेलाने ओल्या केसांतून एकेक बट सोडवत फणी फिरवायची. ते काम माझ्याकडे असे. एका शनिवारात भागत नाही, हे बाईंनी मला बजावून ठेवलं होतं. लहान मंडळी केसाला चिकटून बसतात आणि आठवड्याने घर पुन्हा भरतं. म्हणून पुढच्या शनिवारी तीच पोरगी, तीच पट्टी.

दुसरीतली सुली मात्र पट्टीला भयंकर भ्यायची. तिचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. शनिवार आला की ही कुठे दडायची कोण जाणे. तिच्या डोक्याला रोज कान लावून बाई म्हणायच्या, "सगळं गाव नांदतंय इथे."

एका सकाळी बाईंनी सुलीच्या डोक्यावर कान टेकवला आणि काही बोलल्याच नाहीत. मी पुढे झाले. सुलीच्या पांढऱ्या कॉलरवर उवा चालत होत्या. एक, मग दुसरी, कपाळावरून, कानामागून, घाई असल्यासारख्या.

"मंडळी निघाली," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

सुलीचे डोळे लाल होते. बाईंनी तिला उचललं आणि तशाच चालू लागल्या, मी मागे. सुलीचं घर रिकामं, पडदा वाऱ्याने आत-बाहेर होत होता. आम्ही सरळ आत शिरलो. बाईंनी तिला घोंगडीवर निजवलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला. हेडमास्तर टोपी सावरत सायकलवरून तिच्या आईला आणायला गेले.

"झोपायचं नाही, सुले," बाई सारखं म्हणत होत्या. "पाढे म्हण." सुली दोनाचा पाढा म्हणत होती आणि बाई तिच्या केसांना गाल लावून बसल्या होत्या. उवा आता त्यांच्या पातळावर उतरत होत्या, पण त्यांनी एकही झटकली नाही. मला त्या वेळी पोरीपेक्षा बाईंचीच भीती वाटली.

सुलीची आई धापा टाकत आली. लेकीला बघितलं, बाईंना बघितलं आणि तिथेच खाली बसली.

"बाई, ताप न्हाई तिला. म्याच सकाळी डोस्क्यात पावडर घातली. त्या मलेरियाच्या फवारनीवाल्याकडनं मागून घेतली हुती. तुमच्या पट्टीला लई भिती वो ती."

"म्हणजे औषधाने चालल्यात?"

"व्हय."

"नक्की? तू स्वतः घातलीस?"

"शनिद्येवाची आन, बाई."

बाई हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांना रडू फुटलं, आणि रडत रडतच त्यांनी सुलीच्या आईला फैलावर घेतलं, की ते विष आहे, पोरीच्या डोक्याला लावायचं नाही. आपल्या खोलीतली भरलेली घागर आणून त्यांनी सुलीचं डोकं स्वतः धुतलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी माझ्या घागरीतलं पाणी पुरवून वापरलं.

परत येताना त्या आपणहून बोलल्या.

"माझी शकू सात वर्षांची होती. अशाच तिच्या उशीवर आल्या सगळ्या. मला वाटलं, माझं औषध लागू पडलं. मी कौतुकाने शेजारणीला बोलावून दाखवलं." थोडं चालून त्या म्हणाल्या, "ताप भरला होता तिला. डोकं फार तापलं की थांबत नाहीत त्या. मी उशी झटकत बसले, तिच्या कपाळाला हात काही लावला नाही. संध्याकाळी गेली."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पण बाई, उवा खरंच ऐकू येतात?"

तो शब्द काढल्याबद्दल त्या रागावल्या नाहीत. "छे हो. कुठून येणार? कपाळाला हात लावला की पोरी घाबरतात, बाईंना काय झालं म्हणून. कान लावला की गाल आपसूक टेकतो. गालाला ताप लवकर कळतो. आज मात्र मंडळी निघालेली दिसली आणि गालावरही भरवसा उरला नाही."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्या नेहमीसारख्या रांगेमागून आल्या. सुलीचे केस धुऊन भुरभुरीत झाले होते. आपला नंबर यायच्या आतच तिने डोकं मागे केलं.

"बाई, मंडळी हायेत का वो?"

बाईंनी कान टेकवला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. पुढच्या पोरी वळून बघू लागल्या.

"मंडळी गेली," त्या म्हणाल्या. "सुली आहे घरात."

आणि पुढच्या पोरीकडे गेल्या.