बूट मंद आचेवर

दाराशेजारच्या हुकावरची लाल बादली सुटायची ती नेमकी त्याच सकाळी सुटली, आणि पडायची ती नेमकी त्याच्याच बुटांवर पडली.

बादली त्यानेच टांगली होती. घरात कधी आग लागलीच तर हाताशी पाणी हवं, हा त्याचा नियम. "अरे, घरात नळ आहे की," असं आई तेव्हा म्हणाली होती. "जो नळावरी विसंबला, त्याचा कार्यभाग जळाला," असं उत्तर तिला मिळालं होतं. पुढे आग काही लागली नाही. बादली बसून पगार खाणाऱ्या माणसासारखी लटकत राहिली. आज अचानक तिला कामाचा उमाळा आला आणि तिने पॉलिश करून ठेवलेले दोन्ही बूट काठोकाठ भरून टाकले.

"काय पडलं हो?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"बादली."

"कुठे?"

"बुटात."

"बादली बुटात कशी पडेल?"

"बादली जमिनीवर पडली. पाणी बुटात पडलं. आणि मी खड्ड्यात पडलो!"

खड्डा खरोखरच खोल होता. तो एका कारखान्यात सुरक्षा सहायक होता. कामगार त्याला 'खबरदार' म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू होई. खबरदार, शिडी हलवू नका. खबरदार, हातमोजे कुठायत. त्या कारखान्यात स्टोअरवाल्याला लोक साहेब म्हणत, कॅन्टीनवाल्यालाही साहेब म्हणत. हा मात्र नुसता खबरदार. हे त्याला फार लागे. आता मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी झाली होती, आणि तिच्यात बसणाऱ्याला 'साहेब' आपोआप चिकटतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज सुरक्षा सप्ताहाचा शेवटचा दिवस. खबरदारचं व्याख्यान होतं आणि पहिल्या रांगेत खुद्द मोठे साहेब बसणार होते. व्याख्यान रंगलं तर खुर्ची याची. विषय होता 'घरगुती अपघात आणि ते टाळण्याचे उपाय'.

"त्यात पेपर कोंबा," बायको म्हणाली. ती घरी केक करून विकायची. आत्ता तिच्या हातात क्रीमची पिशवी होती आणि केकवर कुणाचं तरी नाव अर्धं लिहून झालं होतं, त्यामुळे मान वर न करताच बोलत होती. "घट्ट कोंबा. पेपर पाणी ओढून घेतो."

"तू आंघोळीला जा रे, मी कोंबते," आई पदर खोचून उठली.

आईचा हेतू चांगला होता. पण घरात सगळे बातम्या फोनवर वाचायला लागल्यापासून पेपर येणं बंद झालं होतं. तिने कपाट पाहिलं, गादीखाली पाहिलं. शेवटी टेबलावर एकावर एक नीट रचून ठेवलेले कागद दिसले. पेपर म्हणजे पेपर.

खबरदार आंघोळ करून आला तेव्हा दोन्ही बूट गच्च भरले होते. उजव्या बुटातून एक शब्द वर डोकावत होता: 'खबरदार'. अक्षर ओळखीचं वाटलं.

"आई! हे काय कोंबलंस?"

"पेपर."

"पेपर नाही, माझं व्याख्यान आहे हे!"

"मग त्यावर तसं लिहायचं."

"लिहिलंय ना! पहिल्याच ओळीत!"

"चष्म्याशिवाय मला पहिली ओळ काय नि शेवटची काय," आई म्हणाली. "आणि एवढं जिवापाड जपायचं होतं तर टेबलावर कशाला टाकलंस?"

बायको क्रीमची पिशवी खाली ठेवून आली. तिने दोन बोटांनी एक पान बाहेर ओढलं. निळी शाई पसरून पानाचं आभाळ झालं होतं.

"पाणी मात्र झकास ओढलंय हो," ती म्हणाली. "कोरडंच होतं ना व्याख्यान."

सगळ्या पानांत मिळून एकच ओळ वाचता येत होती: 'घाई हेच अपघाताचे मूळ.' खबरदारने ती वाचली, पान फेकलं आणि ओरडला, "हेअर ड्रायर आण! लवकर!"

ओल्या वस्तूजवळ विजेचं उपकरण नेऊ नये हे तो कामगारांना वर्षानुवर्षं शिकवत आला होता. म्हणून त्याने रबरी हातमोजे चढवले, लाकडी स्टुलावर उभा राहिला आणि वाकून बुटाच्या तोंडात ड्रायर सोडला. बुटाने आजवर पोटात ठेवलेलं सगळं एका श्वासात बाहेर सोडलं. आई नाकाला पदर लावून गॅलरीत निघून गेली. ड्रायरने थोडा वेळ तग धरला, मग "खर्र" करून तोही गेला.

तेवढ्यात मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात वेल्डर होता, आणि रोज दाजींच्या स्कूटरवर मागे बसून कामाला जाई. कालच दाजींनी त्याला फाटकावरून परत पाठवलं होतं, कारण त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. सगळ्या पाळीसमोर. आता स्टुलावर, रबरी हातमोज्यांत, मेलेला ड्रायर धरून उभे असलेले दाजी पाहिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो त्याने घाईघाईने सहानुभूतीच्या रुमालात गुंडाळला.

"अरेरे! दाजी, मग चपला घालून चला की."

"फाटकावर अडवतील."

"कोण अडवणार? अडवणारे तुम्हीच!"

"तेच तर!"

"बरं, माझे जुने बूट देतो."

"दुसऱ्याचे बूट घालून आत यायचं नाही. सैल बुटाने पाय मुरगळतो. नियम आहे."

"हा नियम कुणी केला?"

खबरदार स्टुलावरून खाली उतरला. मेहुण्याला उत्तर नकोच होतं. प्रश्न विचारण्यातच त्याचे पैसे वसूल झाले होते.

"मी केक देऊन येते खाली," बायको खोका उचलत म्हणाली. "ओव्हन आत्ताच बंद केलाय, गरम आहे. हात लावू नका."

ती गेली. दोघांनी ओव्हनकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं.

"नाही," खबरदार म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?" मेहुणा म्हणाला. "फक्त आपलं सांगतो हं. आमचे वेल्डिंगचे रॉड दमट झाले की आम्ही काय करतो? ओव्हनमध्ये ठेवतो. ओलावा सोळा आणे जातो. रॉडला चालतं, बुटाला का नाही चालणार?"

"ओव्हन तिचा आहे रे. तिचा धंदा आहे त्यावर."

"ताई खाली गेलीये. गिऱ्हाईक बोलकं आहे, मला आत्ता जिन्यात भेटलं."

खबरदारच्या डोळ्यांपुढे एका बाजूला बायको आली आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची. बायको काही झालं तरी घरचीच होती. खुर्ची परत रिकामी व्हायला एक अख्खी नोकरी जावी लागणार होती.

"मंद आचेवर ठेव हं," तो म्हणाला.

"एकदम मंद."

पण वेल्डरची मंद आच आणि केकवालीची मंद आच यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. मेहुण्याने रॉडच्या सवयीने बटण शेवटपर्यंत फिरवलं. आधी घरभर व्हॅनिलाचा वास आला. मग व्हॅनिला आणि मोजे यांचा मिश्र वास आला. खबरदार स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून व्याख्यान आठवत होता. "बंधूंनो, घरातला सर्वांत मोठा धोका कोणता?" असं तो मोठ्याने म्हणाला, आणि ओव्हनमधून काळा धूर निघाला.

आणि छतावरचा अलार्म केकाटला.

अलार्मही त्यानेच बसवला होता. वॉचमनला त्यानेच बजावलं होतं, "माझ्या घरचा अलार्म वाजला तर खरा का खोटा ते विचारत बसायचं नाही. थेट बंब बोलवायचा." म्हणून तो खिडकीतून खाली वाकून "अरे, काही नाही, काही नाही!" असं ओरडला, तेव्हा वॉचमनने फोन कानाला लावूनच वर हात केला. "बोलावला, साहेब! तुम्ही सांगितलं तस्सं! विचारत बसलो नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला साहेब म्हटलं होतं. त्याला ते ऐकूसुद्धा आलं नाही.

मेहुण्याने ओव्हन बंद करून भिंतीतली पिन ओढली. मग नियमाप्रमाणे सामान न घेता सगळे खाली उतरले. पुढे आई, मागे मेहुणा, शेवटी खबरदार, अनवाणी. फाटकाशी बायको गिऱ्हाइकाबरोबर उभी होती.

"काय जळतंय?"

"विशेष काही नाही," खबरदार म्हणाला.

"काय जळतंय?"

"बूट."

"कुठे?"

खबरदारने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने आभाळाकडे पाहिलं.

"गरम जागी," आई म्हणाली.

बायकोला सगळं कळलं. गिऱ्हाईक समोर होतं म्हणून ती हसली. ते हसू पाहून खबरदारला आगीची भीती वाटेनाशी झाली.

घंटा वाजवत बंब आला. जवान वर गेले. त्यांनी पाण्याचा पाइप उलगडला नाही. चिमट्याने बूट उचलून बेसिनमध्ये टाकले आणि वरून भरभरून नळ सोडला. थोड्या वेळाने मिशाळ अधिकारी चिमट्यात बूट धरून खाली आले. टोकं किंचित करपली होती. बाकी बूट शाबूत होते आणि सकाळपेक्षा जास्त पाणी धरून होते.

"नळावर भागलं," अधिकारी म्हणाले.

"ऐकलंस?" आई मुलाला म्हणाली.

"कुणाचे हे?"

खबरदारने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"कमाल आहे तुमची! घरात अलार्म. वॉचमन तयार. सगळे रांगेत खाली. एवढी शिस्त मी सरकारी कचेरीतही बघितली नाही. आणि बूट ओव्हनमध्ये? करता काय तुम्ही?"

"नोकरी."

"हं. सुट्टी घ्या आज," अधिकारी म्हणाले. "मला घाई आहे, नाहीतर चांगली समज दिली असती. एका कारखान्यात प्रमुख पाहुणा म्हणून जायचंय. घरगुती अपघातांवर कुणा तज्ज्ञाचं व्याख्यान आहे म्हणे."

मेहुण्याला खोकल्याची अशी उबळ आली की जवानांनी त्याला पाणी पाजलं.

आता उपाय एकच होता. 'ओले बूट घालू नयेत' असा नियम आपण केला आहे का, हे खबरदारने मनातल्या मनात तपासून पाहिलं. केला नव्हता. राहून गेला होता. त्याने बूट ओतून रिकामे केले आणि पायात चढवले.

सभागृहात तो सगळ्यांच्या आधी पोचला, कारण चालताना बूट बोलत होते. फचक. फचक. रिकाम्या व्यासपीठावर जाऊन त्याने टेबलाच्या लांब कापडामागे पाय लपवले आणि तिथेच ठाण मांडलं. कामगार आले, मोठे साहेब पहिल्या रांगेत बसले, आणि सगळ्यात शेवटी प्रमुख पाहुणे आले. त्यांची नजर खबरदारवर पडली. मिशीचं एक टोक वर गेलं. पण ते शेजारी येऊन बसले. मग त्यांनी हळूच टेबलाखाली पाहिलं. तिथे छोटंसं तळं साचायला लागलं होतं.

बोलायला उठल्यावर ते म्हणाले, "आजचाच किस्सा सांगतो. नाव मात्र सांगणार नाही, कारण गृहस्थ सज्जन आहेत." आणि त्यांनी अलार्मपासून बेसिनपर्यंत सगळं सांगितलं. सभागृह खदाखदा हसलं. "ओव्हनमध्ये बूट!" म्हणत लोक एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारू लागले. मोठे साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. खबरदारसुद्धा हसला, न हसण्यात धोका होता.

"आणि आता," सूत्रसंचालक म्हणाला, "मुख्य व्याख्यान."

माइक व्यासपीठाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. खबरदार उठला. हसण्याची लाट नुकतीच ओसरून सभागृह शांत झालं होतं.

फचक.

पहिल्या रांगेतल्या मोठ्या साहेबांनी चष्मा परत घातला.

फचक. फचक.

प्रमुख पाहुणे छताकडे पाहू लागले. वेल्डरांच्या रांगेत मेहुण्याने हेल्मेट पुढे ओढून तोंड झाकलं. फचक, फचक, फचक करत खबरदार माइकपाशी पोचला. मागे ओल्या पावलांची ओळ उमटली होती. हातात कागद नव्हता. डोक्यात व्याख्यानातली एकच ओळ उरली होती, आणि ती निळ्या शाईतली होती.

"खबरदार," तो सवयीने म्हणाला, आणि मग म्हणाला, "तो सज्जन गृहस्थ मी."

छप्पर उडायचं बाकी राहिलं. हशा थांबल्यावर मात्र तो बोलत गेला. बादलीचा हुक का तपासायचा, ड्रायर का बंद पडला, मंद आच म्हणजे किती, घाई झालेल्या माणसाला मेहुण्याचा सल्ला बरा का वाटतो. एकही माणूस पेंगला नाही. शेवटी मोठे साहेब उभे राहिले. "या माणसाच्या व्याख्यानात आजवर मी स्वतः झोपलो आहे," ते म्हणाले. "आज जागा होतो. खुर्ची त्याला द्या. अपघात काय असतो हे आपल्याकडे दुसऱ्या कुणाला इतकं ठाऊक नाही."

घरी बातमी कळली तेव्हा आईने देवाला हात जोडले. बायको ओव्हन घासत होती, तिने घासणी पुढे केली आणि म्हणाली, "या, मुख्य अधिकारी. आतली बाजू तुमची." बूट गॅलरीत कठड्यावर उलटे ठेवले होते. कुणी त्यांना काहीही केलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत ते खडखडीत वाळले.

खुर्ची मिळाली तसं 'साहेब'ही मिळालं. कारखान्यात आता त्याला कुणी खबरदार म्हणत नाही. तो लांबून येताना दिसला की वेल्डिंग विभागातून हाळी जाते, आणि ती सुरू करणारा कोण, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

"नाड्या बांधा रे! फचकसाहेब आले!"