आत अडकलेला बाण

धनेशला नोकरी लागली.

हे वाक्य आपण अजून वाचलेलंच नाही, असं समजा. खुद्द धनेशला त्या सकाळी त्याचा पत्ता नव्हता, तेव्हा तुम्हाला आधी कळावं असं काही कारण नाही. त्या सकाळी धनेश डिलाईल रोडच्या चाळीत, भिंतीला पाठ लावून, बहिणीच्या लॅपटॉपसमोर बसला होता आणि त्याचा उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता. आधीची नोकरी जाऊन इतके दिवस झाले होते की चाळीत लोकांनी विचारणं बंद केलं होतं. आणि विचारणं बंद होणं हे विचारण्यापेक्षा वाईट.

नव्या नोकरीची परीक्षा व्हिडिओ कॉलवर होती. लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा लुटुपुटीचा संगणक, उभा करायचा, त्यात युनिक्स, म्हणजे तो चालवणारी प्रणाली, बसवायचं आणि शेवटी गेस्ट टूल्स टाकायची. ही टूल्स म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या संगणकाची ओळख करून देणारा मध्यस्थ. आदल्या दिवशी धनेशने हे आजोबांना, म्हणजे कुशाबांना, बराच वेळ समजावलं होतं. ऐकून ते म्हणाले, "म्हंजे खोलयेत पोटमाळो. सरळ सांग मां."

कंपनीची अट एकच होती. उमेदवार खोलीत एकटा हवा, कुणाची मदत चालणार नाही.

खोली एकच होती. तीत आई शांताबाई भाजी निवडत होत्या, बहीण अक्षदा पलंगावर लोळत होती आणि कुशाबा खुर्चीत होते. तिघांनी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर गप्प बसायचं ठरलं होतं. दार लावूनही पाहिलं होतं, पण त्या चाळीत दिवसा दार लावलं की लोक काळजीने येतात. दोघे "काय झालं?" विचारायला आले, तिसरा तर खांद्यावर टॉवेल टाकून, ऑफिसला रजा कळवूनच आला. म्हणून दार उघडं ठेवलं.

कॉलवर दोघं होते. हर्षवर्धन सर दिसत होते. सुमेधा मॅडमचा कॅमेराही बंद आणि माइकही बंद, नुसतं नाव.

"धनेश, खोलीत एकटे आहात ना?"

धनेशने माइक उघडला. "हो सर. अगदी एकटा."

पलंगावरून अक्षदाने अंगठा वर करून त्याला दाद दिली. त्या दादेच्या नादात माइक बंद करायचा राहिला आणि धनेशने नव्या मशीनच्या चौकटीत क्लिक केलं. माउसचा बाण आत गेला, तो आतच राहिला. गेस्ट टूल्स बसेपर्यंत हे असंच चालतं. बाण बाहेर काढायला कीबोर्डवरचं उजवीकडचं कंट्रोलचं बटण दाबावं लागतं. ते मागे एकदा निखळलं होतं आणि अक्षदाने झटपट गोंदाने बसवलं होतं, तेही इतकं मनापासून की ते आता बटण राहिलं नव्हतं, नक्षी झाली होती.

थोडक्यात, माइक उघडा आणि तो बंद करायचा बाण कोठडीत. सुटका एकच. नुसत्या कीबोर्डवर युनिक्स बसवायचं, टूल्स टाकायची, की बाण आपोआप सुटणार. तोवर घरात चकार शब्द निघता कामा नये.

"शांते, पाणी इला गो!" गॅलरीतून शेजारच्या राधाबाई ओरडल्या.

"पाणी कुठे आलं?" सरांनी विचारलं.

"शेजारी, सर."

सरांनी काहीतरी टिपून घेतलं. शांताबाई कळशी पोटाशी धरून चवड्यांवर बाहेर गेल्या. इतकी मुकाट्याने गेलेली ती चाळीतली पहिली कळशी असावी.

युनिक्सने विचारलं, डिस्क पूर्ण पुसून टाकू का? नेमकं तेव्हाच अक्षदा कॅमेरा चुकवत, भिंतीच्या कडेने सरकत त्याच्या बाजूला आली आणि तिने ते वाचलं. तिचा कॉलेजचा अख्खा प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपमध्ये होता. ती नुसत्या ओठांनी म्हणाली, "दादा, नको हां!" पुसायची होती ती आतल्या संगणकाची डिस्क, खोटी. पण हे सांगायचं तर तोंड उघडायला हवं. धनेशने मान हलवून तिला धीर दिला आणि 'हो' दाबलं.

"उडवलास! माझा प्रोजेक्ट उडवलास रे!"

"कोण बोललं?" सर पुढे झुकले.

"बाजूच्या खोलीत, सर. भिंत पातळ आहे."

"त्यांचा प्रोजेक्ट उडाला?"

"हो ना सर. ऐकून वाईट वाटलं."

अक्षदा परत पलंगावर पडून उशीत तोंड खुपसून रडायला लागली. तिला समजवायला धनेशने टेबलाखाली एका हाताची चौकट केली, दुसऱ्या हाताचं बोट आत घालून भिरभिर फिरवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. अक्षदाला वाटलं, लॅपटॉपही गेला. ती आणखी जोरात रडली. कुशाबांना मात्र सगळं लख्ख कळलं. पोराचं काहीतरी आत अडकलंय आणि त्याची वाचा बसलीय. यावर त्यांना एकच इलाज माहीत होता. ते उठले, टोपी नीट केली आणि हात जोडले.

इकडे युनिक्स बसलं होतं आणि टूल्स किती बसली ते दाखवणारी रेघ अर्ध्यावर येऊन हटून बसली होती. धनेशने टेबलाखालून दोन्ही हात हलवून नको नको केलं. कुशाबांना वाटलं, पोरगा घाई करतोय.

देवाला घालायचं गाऱ्हाणं हळू घालता येत नाही. हळू घातलं तर ती नुसती कुरकुर होते.

"बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भरली कळशी कमरेवर घेऊन शांताबाई दारातूनच.

"आज ह्या पोरान पेटयेत पेटी घातल्यान हा. तेतूर ह्येचा कायतरी अडाकला हा, ता सोडय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" उशीतून अक्षदा, आणि बाहेर नळावरची अख्खी रांग.

"ह्येका नोकरी लागांदे, कंपनी तुका गावठी कोंबो देतली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा शेवटचा आवाज लॅपटॉपमधून आला.

सुमेधा मॅडमच्या नावाशेजारचा माइक हिरवा झाला होता.

"सुमेधा?" सरांनी घसा साफ केला.

"सॉरी सर. आम्ही कणकवलीचे. हे कानावर पडलं की गप्प राहता येत नाही."

तेवढ्यात रेघ टोकाला गेली. मशीन बंद होऊन परत सुरू झालं आणि बाण चौकटीतून सुळकन बाहेर आला. धनेशने सर्वात आधी माइक बंद केला. मग लक्षात येऊन परत उघडला.

"तुम्ही एकटे नव्हता," सर म्हणाले. "आणि मदतही घेतलीत. विषय संपला."

"एकटा नव्हतो सर, खोटं बोललो. पण शपथेवर सांगतो, यांची मदत काडीची झाली नाही."

"सर," सुमेधा मॅडम म्हणाल्या, "अहवाल मी लिहितेय. 'उमेदवारास गाऱ्हाण्याची मदत झाली व टूल्स बसली' असं लिहू?"

हर्षवर्धन सर दर रविवारी मुलांना विज्ञाननिष्ठेवर व्याख्यान देत. ते खुर्चीत ताठ झाले. "भलतंच! टूल्स आपोआप बसली. गाऱ्हाण्याचा काही संबंध नाही!"

"म्हणजे मदत झाली नाही."

सरांनी मघाचं टिपण खोडलं.

"नाही झाली," ते शेवटी म्हणाले. "आणि एवढ्या गोंधळात कुणी युनिक्स बसवत असेल, तर तो आपल्या ऑफिसात टिकेल."

आता पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही. अक्षदाचा प्रोजेक्ट जिथल्या तिथे सापडला, शांताबाईंनी चाळीत पेढे वाटले आणि लोकांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली, या वेळी पगार. फक्त कुशाबांना चैन पडेना. "कोंबो मी आपल्या नावान नाय बोललंय," ते रोज बजावत. "कंपनीच्या नावान बोललंय. देवाचा देणा ठेवन घेव नये." रोजच्या या कटकटीला कंटाळून धनेशने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कंपनीकडे अर्ज केला. सुमेधा मॅडमनी त्यातलं शुद्धलेखन तपासून दिलं. अर्जाचा शेवट असा:

"सबब, युनिक्स प्रणालीच्या यशस्वी उभारणीपोटी कंपनीच्या नावे कबूल झालेला गावठी कोंबडा, नग एक, जिवंत, हा 'सॉफ्टवेअर परवाना शुल्क' या शीर्षाखाली तातडीने मंजूर करण्यात यावा, आणि सदर कोंबडा कोकणात श्री रवळनाथाच्या चरणी समक्ष पोहोचवण्याकामी माननीय हर्षवर्धन सर यांची प्रवासखर्चासह प्रतिनियुक्ती व्हावी, ही नम्र विनंती."