फोटूवाल्या हौसाबाई

हौसाबाई तहसीलदाराला 'बे' म्हणायच्या. तोंडावर, आणि चार माणसांत.

निजामाच्या राज्यात तहसीलदार म्हणजे काय चीज होती, हे आज सांगून कळायचं नाही. त्यांचा टांगा दिसला की बीडच्या बाजारात माणसं दुकानाच्या पायरीवरून उठून उभी राहायची. अशा माणसाला खुर्चीवर बसवून, स्वतः काळ्या कपड्यात डोकं खुपसून, बाई आतून ओरडायच्या, "हनुवटी खाली घे बे. मेल्यावानी बसू नको. जित्यावानी बस."

यात बाईंचा काही दोष नव्हता. बाई अमेरिकेच्या. त्यांना मराठी शिकवली त्यांच्या गाडीवानानं, रहीमचाचानं, आणि रहीमचाचाचं दिवसभराचं बोलणं बैलांशी. त्यामुळे बाईंच्या मराठीत 'अहो-जाहो' हा प्रकारच आला नाही. पहिल्यांदा तहसीलदारसाहेबांचा चेहरा लाल झाला, तेव्हा चाचानं हात जोडून सांगितलं म्हणे, की हुजूर, अमेरिकेत बड्या माणसाला 'बे' म्हणायची रीत आहे. साहेबांना ते पटलं. इतकं पटलं, की पुढं बाईंनी त्यांच्या कारकुनालाही 'बे' म्हटलं तेव्हा साहेब नाराज झाले.

त्यांचं खरं नाव मिस हॉलिस. ते आमच्याकडच्या जिभेवर बसलं नाही. हॉलिसची आधी 'हौलीस' झाली, मग 'हौसा', आणि गावोगावच्या बायकांनी त्याला 'बाई' जोडून टाकलं. बाईंना ते नाव आवडलं होतं. कुणी नाव विचारलं की त्या छातीवर हात ठेवून सांगायच्या, "हौसा. अमेरिकावाली." घोट्यापर्यंत झगा, पायात पुरुषी बूट, डोक्यावर टोपी आणि गळ्यात आपल्याकडचं उपरणं, असा अवतार. हाताची बोटं फोटो धुवायच्या औषधानं काळी पडलेली. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्या बोटांना घाबरून त्यांना पाण्याच्या रांजणाजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. बाईंना वाटायचं, रांजण काहीतरी देवाचा असावा. त्या लांबूनच त्याला नमस्कार करायच्या.

अमेरिकेतलं त्यांचं सगळं मला पुढं त्यांच्याच तोंडून कळलं. तिकडं एका मोठ्या फोटोच्या दुकानात त्या कामाला होत्या. गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीत बसवायचं, मागून मानेला लोखंडी चिमटा लावायचा, म्हणजे डोकं हलत नाही, आणि पाठीमागं रंगवलेला पडदा सोडायचा. बाईंनी एक दिवस तो चिमटा उचलून मागच्या उकिरड्यावर फेकला. मालकानं बाईंनाही त्याच वाटेनं घालवलं. मग त्या कॅमेरा घेऊन एकट्याच फिरल्या. खाणीतल्या माणसांचे, धुणं धुणाऱ्या बायकांचे, लोहारांचे फोटो काढले. हसतानाचे, भांडतानाचे, घास तोंडात असतानाचे. लोक म्हणायचे, हे कसले फोटो? आम्ही असे दिसतो होय? बाई म्हणायच्या, हो, असेच दिसता, आणि चांगले दिसता. हे कुणाला पटायचं नाही.

त्यांचा भाऊ डॉक्टर होता. तो मिशनच्या दवाखान्यासाठी आमच्या मुलखात आला, आणि बाई एक हिवाळा बघून जावा म्हणून त्याच्यासोबत आल्या. भाऊ काही वर्षांनी परत गेला. बाई म्हणाल्या, तू हो पुढं, मी पुढच्या बोटीनं येते. त्याला बराच काळ लोटल्यावरही कुणी विचारलं, की बाई, घरी कधी जाणार, तर त्या खांदे उडवून सांगायच्या, "बोट चुकली."

नारायणगडाच्या जत्रेत त्यांचा एक मोठा वैरी यायचा. औरंगाबादेचा फोटोग्राफर. त्याच्याकडं पडदा होता. पडद्यावर तळं, तळ्यात हंस, काठावर मोटारगाडी. अख्खी जत्रा त्याच्यापुढं रांग लावून उभी राहायची. बाईंच्या तंबूत शुकशुकाट. चाचा चिडायचा, तर बाई कॅमेरा उचलून त्या रांगेसमोरच जाऊन बसायच्या. रांगेत ताटकळलेली माणसं, खांद्यावर झोपलेली पोरं, नव्या पागोट्याखाली घाम पुसणारे म्हातारे, एकमेकांच्या कानात खुसखुसणाऱ्या जावा, सगळ्यांचे फोटो. तिकडं खुर्चीवर बसल्यावर त्याच माणसांचे लाकडी बाहुले व्हायचे. चाचानं म्हणे एकदा सुचवलं, की आपणही एक पडदा रंगवून घेऊ. बाईंनी सांगितलं, की त्याच्याकडं तळं हाय, माझ्याकडं माणसं हायेत.

आता माझं, अन्साचं, सांगते.

माझं सासर युसूफ वडगावचं. देशमुखाचं घर, आणि घरात गोषा. बाईमाणसानं परक्या पुरुषाच्या नजरेस पडायचं नाही. लग्न झालं तेव्हा मी लहान होते, आणि आमचे हे शिकायला म्हणून हैदराबादला गेले ते तिकडंच राहिले. कोर्टाची भाषा उर्दू, वकिलीची परीक्षा तिकडं, म्हणून वर्षाकाठी कधी चार दिवस यायचे. तेव्हाही आम्ही दिवसा एकमेकांशी बोललो तर आत्याबाई खाकरायच्या. ह्यांनी माझा चेहरा नीट पाहिला होता की नाही, मला शंकाच होती.

एका उन्हाळ्यात आत्याबाईंचे चुलतभाऊ हैदराबादेहून आले आणि बातमी घेऊन आले. तिकडच्या एका वकिलाची मुलगी शाळेत गेलेली, पेटी वाजवणारी, आणि ते वकील आमच्या ह्यांना वरचेवर जेवायला बोलावत होते. हे नाही म्हणत नव्हते. त्या काळी दुसरी बायको करणं म्हणजे काही गुन्हा नव्हता. माझ्या ताटातली भाकरी तशीच राहायला लागली. आत्याबाई तोंडानं फटकळ, पण त्यांचा जीव माझ्यावर होता. त्यांनीच युक्ती काढली. सुनेचा फोटो काढून लेकाला धाडायचा. अंगभर दागिने घालून. घरी काय आहे ते त्याला दिसू दे.

पुरुष फोटोवाला गोषात चालायचा नाही. म्हणून बीडला बाईंना सांगावा गेला, आणि बाजाराच्या दिवशी त्यांची बैलगाडी आमच्या दारात आली. चाचा बाहेर थांबला. बाईंनी मागच्या अंगणात तिपाई रोवली आणि त्या काळ्या कपड्याखाली गेल्या. आमच्या घरातल्या बायकांना फार हसू आलं. फोटोसाठी आम्ही गोषातून बाहेर आलो होतो, आणि ही बाई बुरख्यात शिरली होती.

मला खुर्चीवर बसवलं होतं. नथ, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, दंडात वाकी, तोंडाला तांदळाची पिठी. आत्याबाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, डोळे खाली, ओठ मीट, पदर पुढं. बाईंनी एक फोटो काढला, कपड्यातून डोकं बाहेर काढलं आणि नकारार्थी हलवलं.

"ही मेली हाय," त्या म्हणाल्या. "सरक बे म्हातारे."

आत्याबाईंना आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. त्या काय झालं ते कळायच्या आतच सरकल्या, आणि मग रागानं की नवलानं कोण जाणे, थेट स्वयंपाकघरात गेल्या. इतर बायकाही त्यांच्या मागं धावल्या. अंगणात आम्ही दोघीच राहिलो.

बाईंनी विचारलं, फोटो कुणासाठी. मी म्हणाले, मालकांसाठी. कुठं असतो तो? हैदराबादला. कावून येत न्हाई? मी दंडातली वाकी नीट करत बसले. पण बाईंना गावातून सगळं कळलेलं असावं. त्या कॅमेऱ्याशी खुडबुड करत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, की करू दे की त्याला दुसरी. तुला काय कमी हाय, एवढं सोनं हाय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घरात आल्यापासून मी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढला. मी खुर्चीतून अर्धी उठले.

बाईंनी शांतपणे बोट दाखवलं. "मला सांगू नको. त्या काचेला सांग."

मी काचेला सांगितलं. "मी काय गोठ्यातली म्हैस हाय का? एकीचं दावं सोडायचं आन् दुसरी बांधायची? आधी माझ्या तोंडाकडं बघा, मग काय करायचं ते करा."

कॅमेऱ्यात खट्ट वाजलं. बाई हसल्या. मला वाटलं, ही बाई वेडी आहे आणि माझं आता काही खरं नाही.

फोटो बीडला धुतले आणि तिथूनच हैदराबादला धाडले. म्हणजे आम्हाला वाटलं, धाडले. बाईंनी एकच धाडला होता, दुसरा. पदर घसरलेला, नथ वाकडी, तोंड उघडं आणि डोळे वटारलेले.

पुढं काहीच कळलं नाही. पावसाळा सरला, ज्वारीची पेरणी झाली. मग एका सकाळी आमचे हे लातूरच्या स्टेशनावर उतरून, पुढं गाडी करून दारात उभे राहिले. आत्याबाई भाकरतुकडा ओवाळायला गेल्या, तर हे उंबऱ्यातूनच म्हणाले, "आई, मी कुणाला बी हो म्हणलेलं न्हाई."

कुणी काही विचारलंच नव्हतं. आत्याबाई तुकडा हातात धरून बघत राहिल्या. मग ह्यांनी खिशातून फोटो बाहेर काढून दाखवला. आत्याबाईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन निरखला. ही सून आहे की जमादार, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

दुपारी आत्याबाई मुद्दाम शेजारी गेल्या. जाताना खाकरल्यासुद्धा नाहीत. हे माझ्यासमोर बसले, फोटो मध्ये ठेवला, आणि सांगू लागले. खोलीत भिंतीला लावला होता. कायद्याचं पुस्तक उघडलं की वाटायचं, समोरून कुणीतरी उलटतपासणी घेतंय. भिंतीकडं तोंड करून ठेवला, तर जास्तच वाटायला लागलं. वकिलांकडं जेवायला जायचंही सुटलं.

"तू कायतरी म्हणतीयास ह्यात," ते म्हणाले. "दिसतंय, पण ऐकू येत न्हाई. काय म्हणत व्हतीस ते इचारायला आलो."

मी त्यांना म्हैस आणि दावं सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. आमचे हे आधी ओशाळले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नवऱ्याला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परीक्षा झाल्यावर त्यांनी बीडच्या कोर्टात वकिली सुरू केली आणि मला सोबत घेऊन आले. घर मिळालं ते हौसाबाईंच्या शेजारचंच. कितीतरी वर्षं आम्ही एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहिलो. त्या माझ्या हातचा ठेचा खाऊन घळाघळा रडायच्या आणि आणखी मागायच्या. मी त्यांना 'अहो' म्हणायला शिकवायचा प्रयत्न केला. त्या शिकल्या, आणि ते रहीमचाचाच्या बैलांना म्हणायला लागल्या. मी मात्र त्यांच्याकडून समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायला शिकले. आत्याबाई पाहुण्या आल्या की दोघी ओट्यावर बसून पान खायच्या. 'म्हातारे' म्हटल्याचं आत्याबाईंनी कधीच माफ केलं नाही, पण पानाचा पहिला विडा मात्र बाईंना लावून द्यायच्या.

आज माझं घर आहे, भरलेलं आहे. कधी दिवे लावताना मनात येतं, त्या दिवशी त्या परक्या मुलखातल्या बाईनं मला चिडवलं नसतं, तर मी डोळे खाली घालून, ओठ मिटून तशीच बसून राहिले असते. मग मी देवापुढं त्यांच्या नावानंही हात जोडते. त्यांना कुठला देव चालायचा, मला माहीत नाही.

मला मूल फार उशिरा झालं. मुलगी. ती मान धरायला लागली तेव्हा मी तिला कुंची घातली, काजळ घातलं, आणि फोटो काढायला बाईंच्या अंगणात घेऊन गेले. सकाळचं कोवळं ऊन लिंबाखाली आलं होतं. बाईंनी कॅमेरा आधीच लावून ठेवला होता. म्हणाल्या, जरा दे माझ्याकडं. मी दिली. पोरीनं त्यांचं एक काळं बोट मुठीत धरलं, टकमक पाहिलं, आणि बघता बघता ती झोपून गेली.

बाई ओट्यावर बसल्या. मी वाट पाहत राहिले. ऊन लिंबाखालून सरकलं, भिंतीवर चढलं. एरवी उन्हासाठी तहसीलदाराला ताटकळवणारी बाई हलेचना. मी म्हणाले, बाई, ऊन चाललं. त्यांनी ऐकलं नसावं. मी पुन्हा म्हणाले.

तेव्हा त्या पोरीवरची नजर न काढता, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अन्सा, आज न्हाई काढत फोटू. काढायचा म्हंजे हिला खाली ठिवावं लागंल."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. उन्हाचं नाव पुन्हा काढलं नाही.