डोह राखणारे गुरुजी

रामाकोन्यात कुणी जाळं खांद्यावर टाकून कन्हान नदीच्या डोहाकडे निघालं, की नामदेव गुरुजी त्याला वाटेतच गाठत आणि जाळ्याच्या भोकात स्वतःची दोन बोटं घालून पाहत. बोटं सहज गेली तर "जाय बाप्पा." अडकली तर मास्तरकी सुरू. "हे जाळं हाय का पिठाची चाळणी? लेकरंबाळं बी धरून राहिला काय?"

मी त्यांच्याच शाळेतला धाकटा मास्तर. गुरुजींच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा खाल्ला नव्हता, मग ही उठाठेव कशाला, ते मला कळेना. आषाढ-श्रावणात मासळीच्या पोटात अंडी असतात. तेव्हा तर शाळा सुटली की गुरुजी छत्री उघडून डोहाकाठी बसत. टवाळ पोरं त्यांना डोहाची सुईण म्हणत. मीही हसलो आहे, खोटं कशाला बोलू?

राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पुढच्याच श्रावणात एक नवा साहेब दौऱ्यावर आला. त्याला जेवणात डोहातली मासळी हवी होती. गुरुजी आडवे उभे राहिले.

"साहेब, महिनाभर थांबा. मंग मीच आणून देतो."

"किसका हुक्म है?"

"माहा."

साहेब वांग्याची भाजी जेवून गेला. महिन्याच्या आत गुरुजींची बदली पांढुर्ण्याला झाली.

सामान बांधू लागायला गेलो, तेव्हा मी चिडूनच विचारलं, "गुरुजी, कशाला ओढवून घेतलं हे?"

ते वळकटीवर बसले. "पंधरा वर्षांचा असन मी. मासोळ्या उलट्या होऊन कशा तरंगतात, ते पाहाले डोहात इखारी गेळफळ कुटून टाकलं. खायची बी नव्हती मले. सारा डोह मेला."

तेव्हा शाळेत त्यांच्या शेजारी बाकावर मासेमाराचा पोरगा सुखराम ढिवर बसायचा. दोन वर्षं जाळी रिकामी आली, तेव्हा त्याच्या बापानं बिऱ्हाड उचललं आणि नदीच्या खालच्या अंगाला, नागपूरकडे नेलं.

"जाताना सुखराम म्हणे, 'मासोळी आली का मले सांगजो.' त्याले मालूमच नव्हतं, कोणं केलं ते. आता तं त्याचं राज्य बी वेगळं झालं."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

निघताना गुरुजींनी माझा हात घट्ट धरला.

"सुखराम आला न कधी, तं त्याले पहिले भरलेला डोह दाखवजो. मंग माहं नाव सांगजो."