हैबतरावांचे दुसरे खेपेची हकीगत

श्री. गणराय प्रसन्न असोत, आणि पंच त्याहून प्रसन्न असोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं, नाव न सांगण्याजोग्या एका मुलुखात बेसबॉलाचे मोठे युद्ध जाहले, त्याची हकीगत ऐसीजे.

त्या मुलुखीं शाळकरी पोरांची फौज होती आणि तिचे सरदार हैबतराव भोईटे. हे पूर्वी कॉलेजात नामांकित चेंडूफेके. परंतु एके अंतिम लढाईत कोपर दुखत असतां "काही नाही, सर" म्हणोन फेकीत राहिले आणि कोपर कायमचे गेले, तेव्हांपासोन गळ्याची गुंडी डावे हाते लावितात. म्हणोन फौजेच्या कोपरांची चिंता त्यांस अष्टौप्रहर. पोराने दप्तर उचलिले तरी पुसत, "दुखतं का?"

मग अंतिम सामना नेमिला. सारा भरवसा ओवी धायगुडे या पोरीचे उजव्या हातावर, आणि विजयाची ढाल मुलुखात प्रथमच येणार, म्हणोन तिचे तीर्थरूप उत्तमराव फटाक्यांची माळ उलगडोन बसले. शेवटला डाव, आपली एका धावेची सरशी. आता कानू ऐसा की, एका डावात सरदाराने मैदानाची रेष ओलांडोन फेकणाराकडे एक वेळ जावे. दुसरे वेळी गेल्यास फेकणार बाहेर काढावा. हा कानू सरदारांनीच पोरांकडोन घोकविला होता. तरी डाव सुरू होतांच त्यांस राहवेना, मग गेले आणि पुसते जाहले, "हात कसा आहे?"

ओवी बोलली, "ठीक आहे, सर. तुम्ही पाणी प्या."

सरदार परतोन पाणी प्याले, अर्धे सदऱ्यावर. मग दोन गडी बाद जाहले, एकच उरला, आणि ओवीने घाम पुसिला, तो उजवा मोकळा असतां ग्लव्ह घातलेल्या डाव्या हाताने. हे पाहोन सरदारांचे पाय रेषेकडे चालिले.

उत्तमराव ओरडले, "अहो सर, थांबा, ही दुसरी खेप!"

सरदार थांबले, मागे वळले, पुनः वळले, आणि रेष ओलांडली. पंच बोलिले, "फेकणार बदला." ओवीने चेंडू पाठीमागे लपविला. सरदारांनी तळवा पुढे केला आणि तसाच धरोन ठेविला, तेव्हां तिने चेंडू दिला आणि तोंड फिरविले. मग नव्या फेकणाराची पुरती धूळधाण जाहली, आणि ढाल शत्रू नाचवीत घेऊन गेले.

उत्तमराव माळ गुंडाळीत बोलिले, "कॉलेज खेळलात ना तुम्ही? एवढा साधा नियम?"

"विसरलो," सरदार बोलिले, आणि सर्व मुलुखाने ते खरे मानिले.

पुढे ओवीने पाण्याची बाटली उजवे हाते उचलिली, ती निम्म्यावर अडली, मग डावे हाती घेतली. सरदारांनी पाहिले, हे तिनेही पाहिले.

"सर, खरंच विसरलात?"

"विसरलो."

"आमच्याकडून तर रोज घोकून घ्यायचात."

सरदार डावे हाते गळ्याची गुंडी चाचपू लागले. मग ओवी हळूच बोलली, "बाबांना सांगते मी, दुखतंय म्हणून."

"सांग. आणि बर्फ लाव."

एणेंप्रमाणे ढाल गेली, हात राहिला. सरदारांची चिंता मात्र कमी जाहली नाही. हल्ली ते डाव्या हाताचेही पुसतात.